कुरामोतोच्या सिम्युलेशनमध्ये ‘आर’ वर चढतच नाही? या क्रमाने तपासा

प्रोजेक्ट सबमिशनचा मोसम आला की नागपुरातल्या एमएस्सी आणि बीटेकच्या मुलांचा तोच प्रश्न फिरून फिरून येतो: “सर, कपलिंग वाढवून पाहिलं, पण आर काही चढूनच नाही राहिला.” कोणी भौतिकशास्त्राचं असतं, कोणी इलेक्ट्रिकलचं, कोणी कॉम्प्युटरचं. प्रोजेक्टची नावं वेगळी, बिघाड मात्र तेच ते. म्हणून उत्तर एकदा नीट लिहून ठेवतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या मॉडेलमध्ये प्रत्येक नोडवर, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक बिंदूवर, एक दोलक, म्हणजे सतत फेऱ्या मारणारी वस्तू, बसलेला असतो. त्याची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, आणि जोडलेला प्रत्येक शेजारी त्याला आपल्याकडे ओढतो. ही ओढ दोघांच्या फेजमधल्या (फेरीत कोण कुठे आहे त्या कोनामधल्या) फरकाच्या साइनइतकी असते, गुणिले कपलिंग, म्हणजे जोडणीची ताकद. सगळ्यांच्या फेज एका एकक वर्तुळावर ठिपके म्हणून मांडल्या, तर त्या ठिपक्यांचा सरासरी बिंदू केंद्रापासून जितका दूर तितका आर. सगळे एकत्र असले, म्हणजे पूर्ण सिंक झाले, तर १, विखुरलेले असले तर जवळजवळ ०.

आर चढत नाही म्हटलं की मुलं लगेच नेटवर्कच्या रचनेवर संशय घेतात आणि आयगेनव्हॅल्यू काढायला बसतात. दोष बहुतेक वेळा त्याच्या फार अलीकडे असतो: एका भागाकारात, काळाच्या एका स्टेपमध्ये, नाहीतर आपण नेमकं काय मोजतो आहोत यात. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी आणि डोकं खाणाऱ्या शेवटी अशा लावल्या आहेत. मधली पायरी गाळून पुढे उडी मारू नका.

लक्षणं

आपलं लक्षण आधी ओळखा. सगळ्यांचा इलाज एक नाही.

१. कपलिंग कितीही वाढवलं तरी आर ०.०५, ०.१ च्या आसपास थरथरत राहतो.

२. आर चढतो, पण ०.७ किंवा ०.८ वर अडकतो. १ काही होत नाही.

३. आर जवळजवळ शून्य आहे, पण फेजचं चित्र काढलं तर विखुरलेलं अजिबात दिसत नाही. रांगेत, सुबक उतार दिसतो.

४. कपलिंग वाढवताना आर आधी चढतो आणि मग कोसळतो.

५. आर ठरावीक लयीत वर-खाली होतो, १ जवळ जातो आणि परत शून्याकडे येतो.

६. रन बदलला की उत्तर बदलतं, किंवा कपलिंग वाढवत नेताना एक वक्र मिळतो आणि कमी करत आणताना दुसराच.

पहिली तपासणी: जो आकडा पाहताय तो शून्यच तर नाही?

याला एक पैसा लागत नाही, एक भागाकार लागतो. फेज पूर्णपणे यादृच्छिक असल्या तरी आर नेमका शून्य येत नाही. त्याची सरासरी साधारण ०.८८६ भागिले नोडसंख्येचं वर्गमूळ इतकी असते. १०० नोड असतील तर ०.०८९, हजार असतील तर ०.०२८. तेव्हा १०० नोडच्या नेटवर्कवर ०.०९ आलं की “थोडंसं सिंक झालं” असं रिपोर्टमध्ये लिहू नका. ते शून्य आहे.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट बघा: आर कुठल्या क्षणी घेतला? पुष्कळ जण शेवटच्या क्षणाचा आकडा उचलतात. सुरुवातीचा अस्थिर काळ टाकून द्या आणि उरलेल्या काळाची सरासरी घ्या. किती टाकायचा हे आलेख पाहून ठरवा, अंदाजाने नाही.

दुसरी तपासणी: दोनच दोलक

ही तपासणी सगळ्यात जास्त रोग पकडते आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. पाचशे नोडचं नेटवर्क बाजूला ठेवा. त्याच प्रोग्रॅमला दोन नोड आणि एक दुवा द्या. फ्रिक्वेन्सीतला फरक ०.५ ठेवा, कपलिंग १, आणि मूळ मॉडेलप्रमाणे कपलिंगला नोडसंख्येने म्हणजे २ ने भागा. याचं उत्तर कागदावर निघतं: दोघांच्या फेजमध्ये ३० अंशांचा फरक राहून ते कायमचे बांधले जातात आणि आर ०.९६६ येतो.

आता तुमचा आकडा बघा.

०.९६६ आला तर पुढे जा.

०.२५९ आला तर साइनच्या आतली वजाबाकी उलटी आहे. शेजाऱ्याच्या फेजमधून स्वतःची वजा करायची असते. उलट केलं की दोलक एकमेकांना ओढण्याऐवजी ढकलतात आणि १५० अंश दूर जाऊन बसतात. मोठ्या नेटवर्कवर ही चूक डोळ्यांना दिसत नाही, नुसता आर कमी येत राहतो.

०.९९२ आला तर कपलिंगला २ ने भागलंच गेलेलं नाही. हे चूकच आहे असं नाही, पण आपण भागतो की नाही हे माहीत असायला हवं. पुढच्या तपासणीत तेच कामाला येतं.

आणि तिन्हीपैकी काहीच न येता आकडा नाचत राहिला, तर एकक तपासा. पायथनमधलं नमपाय आणि मॅटलॅब दोन्हींचं साइन रेडियन मागतं, अंश नाही. फ्रिक्वेन्सी हर्ट्‌झमध्ये लिहिली असेल तर २ पायने गुणायला हवं. ५० हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ३१४.१६ रेडियन.

आता फ्रिक्वेन्सीतला फरक १ करा आणि कपलिंग ०.६. इथे बांधलं जाणं शक्यच नाही, कारण फरक कपलिंगपेक्षा मोठा आहे. फेजमधला फरक घसरत राहील आणि दर ७.८५ एकक काळाला एक फेरी पूर्ण करेल. कपलिंग ०.९९ केलं तर तीच फेरी साडेचव्वेचाळीस एकक घेते. हे लक्षात ठेवा, कारण उंबरठ्याजवळ, म्हणजे ज्या कपलिंगपासून सिंक सुरू होतं त्याच्याजवळ, सगळंच मंदावतं. कमी वेळ चालवलेला रन तिथे “सिंक झालं” किंवा “झालं नाही” यापैकी काहीही सांगेल आणि दोन्ही खोटं असू शकेल.

तिसरी तपासणी: कपलिंगला कशाने भागलं?

पहिल्या लक्षणाचं हे मुख्य कारण. इथे जरा थांबून वाचा.

पाठ्यपुस्तकातलं समीकरण प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला आहे असं धरतं. म्हणून तिथे बेरीज सगळ्या नोडांवर होते आणि कपलिंगला नोडसंख्येने भागतात. विद्यार्थी तेच समीकरण उचलतो, बेरजेत शेजाऱ्यांचा मॅट्रिक्स घालतो आणि भागाकार तसाच ठेवतो. आता हिशेब करा. ५०० नोड, प्रत्येकाला सरासरी ५ शेजारी, कपलिंग २. बेरजेत सुमारे ५ पदं उरली, भागाकार मात्र ५०० ने. प्रत्येक दोलकावर जास्तीत जास्त ओढ पडली सुमारे ०.०२. एवढ्याशा ओढीने एकक रुंदीच्या फ्रिक्वेन्सी काय जुळणार? कपलिंग २ चं ४ केलं तरी ०.०४. आलेख सपाटच राहतो आणि मुलं म्हणतात, सिद्धांत या नेटवर्कला लागू होत नाही.

भागण्याच्या तीन रीती चालतात: अजिबात भागायचं नाही, सरासरी डिग्रीने (डिग्री म्हणजे नोडच्या शेजाऱ्यांची संख्या) भागायचं, किंवा प्रत्येक नोडच्या स्वतःच्या डिग्रीने भागायचं. तिन्ही चालतात, पण तिन्हींची उत्तरं वेगळी. स्वतःच्या डिग्रीने भागलं की हबचं, म्हणजे पुष्कळ शेजारी असलेल्या नोडचं, हबपण जातं. शंभर शेजारी असलेला नोड आणि दोन शेजारी असलेला नोड सारख्याच ओढीखाली येतात. स्केल-फ्री नेटवर्कमध्ये (थोडे मोठे हब, बाकी बहुतेक कमी शेजाऱ्यांचे नोड) हबचा प्रभाव दाखवायचा असेल आणि तुम्ही ही रीत वापरली असेल, तर जे दाखवायचं तेच तुम्ही पुसून टाकलं. मी मुलांना न भागण्याची रीत सुचवतो, कारण तिच्याशी ताडून पाहता येईल असा उंबरठ्याचा अंदाज हाताशी असतो.

तो अंदाज असा. सगळे सगळ्यांशी जोडलेले असताना उंबरठा २ भागिले (पाय गुणिले वितरणाची मधली उंची) इतका असतो. फ्रिक्वेन्सी प्रमाण विचलन १ असलेल्या नॉर्मल वितरणातून घेतल्या तर तो १.५९६ येतो. नेटवर्कसाठी, कपलिंग न भागता, याला डिग्रीच्या सरासरीने गुणायचं आणि डिग्रीच्या वर्गांच्या सरासरीने भागायचं. वरच्या ५ डिग्रीच्या यादृच्छिक नेटवर्कमध्ये वर्गांची सरासरी ३० च्या आसपास असते, म्हणून उंबरठा १.५९६ चा सहावा भाग, सुमारे ०.२७. इतक्या विरळ नेटवर्कमध्ये खरा उंबरठा याच्यापेक्षा थोडा वर सापडतो, पण त्याच पट्ट्यात. तुमचा उंबरठा २० किंवा ५० वर येत असेल तर भागाकारातच दोष आहे, पुढे शोधू नका.

चौथी तपासणी: नेटवर्क खरंच एकसंध आहे का?

पायथनच्या नेटवर्कएक्स लायब्ररीमध्ये एका ओळीचं काम. जोडलेले घटक मोजा. उत्तर एकापेक्षा जास्त आलं तर आर १ होणार नाही, झाला तर योगायोगाने.

यादृच्छिक नेटवर्क बनवताना मुलं ५०० नोड आणि ०.०१ संभाव्यता घेतात. सरासरी डिग्री ५ येते म्हणून निश्चिंत होतात. पण अशा नेटवर्कमध्ये साधारण तीन-चार नोड एकही शेजारी नसलेले निघतात. एकसंधपणाचा उंबरठा ५०० च्या नैसर्गिक लॉगला ५०० ने भागून येतो, सुमारे ०.०१२४. ०.०१ त्याच्या खाली आहे. तीन-चार नोडांनी आरचं फारसं बिघडत नाही, पण “पूर्ण सिंक” कधीच मिळणार नाही. सर्वात मोठा घटक घ्या आणि तसं रिपोर्टमध्ये लिहा.

पाचवं लक्षण, म्हणजे लयीत वर-खाली होणारा आर, दिसलं की मी थेट इथेच येतो. दोन जवळजवळ सारखे मोठे तुकडे, प्रत्येक आतून बांधलेला, पण दोघांची फ्रिक्वेन्सी वेगळी. ते एकमेकांसमोर आले की आर १ जवळ, विरुद्ध गेले की शून्याजवळ. तुकडे पूर्ण तुटलेले नसून एखाद-दुसऱ्या दुव्याने लटकलेले असतील तरी असंच होतं. त्याचा हिशेब सातव्या तपासणीत आहे.

खऱ्या डेटावर काम करणाऱ्यांनी इथे आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एक, नावांची स्पेलिंगं. विजेच्या जाळ्याचा डेटा हाताने टाइप केलेला असतो. “खापरखेडा” एका फाइलमध्ये जोडून आणि दुसऱ्यात तोडून लिहिलेलं असलं की प्रोग्रॅमसाठी ती दोन सबस्टेशनं होतात आणि मधला दुवा गायब होतो. दोन, एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची डीसी लाइन. विदर्भात वीज तयार होते, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. मोठा खप पश्चिमेला. म्हणून आपल्याकडच्या मुलांच्या ग्राफमध्ये चंद्रपूर–पडघे ही ५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॅटची डीसी लाइन हमखास असते आणि ती बाकीच्या लाइनींसारखाच एक दुवा म्हणून घातलेली असते. ती काढा. डीसी लाइनीतून जाणारी वीज कन्व्हर्टर ठरवतो, दोन टोकांच्या फेजमधला फरक नाही. ती दोलकांना बांधत नाही. मॉडेलमध्ये ती एका टोकाला ठरावीक खप आणि दुसऱ्या टोकाला ठरावीक पुरवठा म्हणून येते. भद्रावतीचं बॅक-टू-बॅक स्टेशनही (एकाच जागी एसीची डीसी आणि पुन्हा एसी करणारं) याच कारणाने पश्चिम आणि दक्षिण ग्रिडमध्ये वीज देवघेव करत होतं, तरी दोन्ही ग्रिड वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालत होते. दक्षिण ग्रिड बाकी देशाशी सिंक्रोनस झालं ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची एसी लाइन जोडल्यावर.

दिशा असलेल्या नेटवर्कमध्ये मॅट्रिक्सची ओळ आणि स्तंभ अदलाबदल झालेत का तेही पाहून घ्या. ज्याने ऐकायचं तो बोलायला लागतो.

पाचवी तपासणी: फ्रिक्वेन्सी कुठून आल्या?

दुसरं लक्षण, ०.७ वर अडकलेला आर, बहुतेकदा बिघाड नसतोच. कॉशी म्हणजे लोरेंट्झ वितरणासाठी, सगळे सगळ्यांशी जोडलेले असताना, आर हा १ वजा (उंबरठा भागिले कपलिंग) याचं वर्गमूळ असतो. रुंदी १ असेल तर उंबरठा २. कपलिंग ४ केलं की आर ०.७०७. ०.९ गाठायला कपलिंग साडेदहा लागतं. मधले बांधले जातात, कडेचे मोकळे फिरत राहतात. भजनात चार टाळकरी आपलाच ठेका धरून बसले तरी भजन चालू राहतं, तसं. वितरणाला शेपटी आहे तोवर कडेचे कोणीतरी राहणारच.

याच शेपटीचा दुसरा त्रास. कॉशीतून ५०० आकडे काढले तर त्यातला सगळ्यात मोठा सहज शंभराच्या वर जातो. ०.१ च्या स्टेपमध्ये तो दोलक दहा रेडियनहून जास्त सरकतो, म्हणजे एका स्टेपमध्ये दीड फेरी. त्याच्या शेजाऱ्यांना त्यानंतर जे दिसतं त्याला काही अर्थ नाही. फ्रिक्वेन्सीचा हिस्टोग्रॅम काढा, सगळ्यात मोठी आणि लहान छापा. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि सगळ्यांची सरासरी फ्रिक्वेन्सी वजा करून टाका. मॉडेलमध्ये फक्त फरक महत्त्वाचा, त्यामुळे उत्तर बदलत नाही. पण पायथनमधल्या सायपायचा समीकरणं सोडवणारा नेहमीचा प्रोग्रॅम सापेक्ष चूक हजारात एक धरतो. वजा न केलेल्या फेज वाढत वाढत १००० रेडियनवर पोहोचल्या की हजारात एक म्हणजे एक अख्खा रेडियन. प्रोग्रॅमच्या मते सगळं मर्यादेत असतं, तुमचं सिंक मात्र विरघळलेलं असतं. लांब रनच्या शेवटी आर आपोआप खाली यायला लागला तर पहिला संशय यावर घ्या.

सहावी तपासणी: स्टेप अर्धी करा

चौथं लक्षण, आधी चढून मग कोसळणारा आर, जवळजवळ नेहमी इथे सुटतं. तीच सुरुवात, तोच सीड (यादृच्छिक आकडे ठरवणारा सुरुवातीचा आकडा), स्टेप अर्धी. उत्तर बदललं तर आधीचं उत्तर भौतिकशास्त्राचं नव्हतं, स्टेपचं होतं.

कारण सोपं आहे. कपलिंग १, भागाकार नाही, आणि एका हबला १०० शेजारी. सगळे बांधले गेले की त्या हबला मूळ जागी आणणारी ओढ शंभरपट असते. समीकरण पायरीपायरीने सोडवण्याच्या ऑयलरच्या पद्धतीत स्टेप साधारण ०.०२ च्या वर गेली की हब दर स्टेपला लक्ष्य ओलांडून पलीकडे फेकला जातो. रुंगे-कुट्टाची मर्यादा थोडी सैल, ०.०२७ च्या आसपास. मुलं ०.०५ ठेवतात. कमी कपलिंगला ती चालते, म्हणून आलेख आधी बरोबर चढतो. कपलिंग वाढलं की हब सुटतो आणि आपल्याबरोबर अर्ध्या नेटवर्कला घेऊन जातो. कपलिंग गुणिले सर्वात मोठी डिग्री गुणिले स्टेप हा गुणाकार ०.१ च्या आत ठेवा, झंझट नाही.

स्टेप लहान केली की रन लांबतो. मे महिन्यात इथे पारा ४५ पार गेला की लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. मोठे रन रात्री लावा, आणि दर काही हजार स्टेपनंतर फेज फाइलमध्ये लिहीत जा, म्हणजे लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. पायथनमध्ये नोडांवर लूप फिरवत असाल तर आधी ते मॅट्रिक्सच्या भाषेत लिहा.

आर कमी, पण सिंक झालेलंच

याला क्रमांक दिलेला नाही, कारण हा दोषच नाही. तिसरं लक्षण असेल तर मात्र सगळ्यात आधी हे वाचा.

१०० सारखे दोलक रिंगणात, प्रत्येकाचे दोन शेजारी. सगळे एकाच फेजमध्ये येतील ही एक स्थिर अवस्था. दुसरीही आहे: प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा ३.६ अंश पुढे, आणि रिंगण पूर्ण फिरून आलं की ३६० अंशांचा एक पीळ. सगळ्यांची फ्रिक्वेन्सी तंतोतंत एक, कोणी कोणापासून सुटत नाही, थोडासा धक्का दिला तरी परत जागेवर येतं. आणि आर? नेमका शून्य. पीळ दोन, तीन, दहाही असू शकतात. शेजाऱ्यांतला फरक ९० अंशांच्या आत आहे तोवर, म्हणजे १०० नोडांसाठी पंचवीसपेक्षा कमी पिळांपर्यंत, ही अवस्था टिकते. विली, स्ट्रोगॅट्झ आणि गिर्वन यांनी २००६ मध्ये दाखवलं की यादृच्छिक सुरुवातीपासून निघालं तर येणाऱ्या पिळांचा पसारा रिंगणाच्या आकाराच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो. रिंगण जितकं मोठं, तितकी पीळ पडण्याची शक्यता जास्त.

म्हणून आरसोबत आणखी दोन आकडे नेहमी छापा. एक, प्रत्येक नोडची सरासरी फ्रिक्वेन्सी: शेवटची फेज वजा मधल्या एखाद्या क्षणाची, भागिले मधला काळ. यासाठी फेज २ पायमध्ये गुंडाळू नका. या फ्रिक्वेन्सींमधली तफावत शून्याजवळ असेल तर नेटवर्क बांधलेलं आहे, आर काहीही म्हणो. दोन, प्रत्येक दुव्यावरच्या फेजफरकाच्या कोसाइनची सरासरी. एका पिळाच्या रिंगणात ती ०.९९८ येते.

लांब साखळ्या, रस्त्यांसारखी जाळी, स्मॉल-वर्ल्ड नेटवर्क (रिंगणातले काही दुवे सोडवून यादृच्छिक नोडांना जोडलेलं) ज्यात पुनर्जोडणीची संभाव्यता फार कमी ठेवली आहे, या सगळ्यांत हे दिसतं. दाट नेटवर्कमध्ये दिसत नाही: सारखे दोलक असताना प्रत्येक नोड बाकीच्यांपैकी किमान तीन-चतुर्थांशांशी जोडलेला असेल तर जवळजवळ कुठूनही सुरुवात केली तरी शेवट पूर्ण सिंकमध्येच होतो, हे कसाबोव्ह, स्ट्रोगॅट्झ आणि टाउनसेंड यांनी २०२१ मध्ये सिद्ध केलं.

सहाव्या लक्षणाचंही इथेच उरकतो. वर जाताना एक वक्र आणि खाली येताना दुसरा मिळत असेल तर दोन अवस्था एकाच कपलिंगला स्थिर आहेत. स्केल-फ्री नेटवर्कमध्ये प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी त्याच्या डिग्रीइतकीच ठेवली की असं होतं. गोमेझ-गार्देनेस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याला स्फोटक सिंक्रोनायझेशन म्हटलं. जडत्व घातलेल्या मॉडेलमध्येही होतं. हा निकाल आहे, लपवू नका. फक्त मागच्या कपलिंगच्या शेवटच्या फेज पुढच्यासाठी सुरुवात म्हणून वापरल्या आहेत ना, आणि रन पुरेसा लांब आहे ना, एवढं पक्कं करा.

सातवी तपासणी: नेटवर्कचा कमकुवत जोड

आता कुठे रचनेकडे यायचं. इथेही आयगेनव्हॅल्यूच्या आधी एक कागदी हिशेब आहे.

सरासरी वजा केलेल्या फ्रिक्वेन्सी घ्या. नेटवर्कचे कुठलेही दोन भाग करा. एका भागातल्या फ्रिक्वेन्सींची बेरीज ही दोन भागांमधल्या दुव्यांची संख्या गुणिले कपलिंग यापेक्षा जास्त असेल, तर बांधलं जाणं अशक्य. कारण एक दुवा जास्तीत जास्त कपलिंगइतकंच ओढू शकतो, साइन १ च्या वर जात नाही. समजा ४० नोडांचा गट सरासरीपेक्षा प्रत्येकी ०.१ ने वेगात आहे आणि एकाच दुव्याने बाकीच्यांशी जोडलेला आहे. बेरीज ४. म्हणजे कपलिंग किमान ४ हवं, मग आत कितीही दाट जोडणी असो. कम्युनिटी असलेल्या नेटवर्कमध्ये पाचवं लक्षण यातूनच येतं. आपल्या विजेच्या डेटात असा नैसर्गिक काप विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यामध्ये पडतो; तो काप आधी तपासा.

सगळे काप तपासणं शक्य नसतं. त्यासाठी डॉर्फलर, चेर्टकोव्ह आणि बुल्लो यांची २०१३ ची कसोटी आहे: फ्रिक्वेन्सी म्हणजे नोडांमध्ये सोडलेला विद्युतप्रवाह, प्रत्येक दुवा म्हणजे एकसारखा रोध ज्याची वाहकता कपलिंगइतकी, असं धरून साधं रेषीय गणित सोडवा. कुठल्याही दुव्याच्या दोन टोकांतला विभवांतर १ च्या आत राहिला तर बांधलं जाईल. वेलीसारख्या, चक्रं नसलेल्या नेटवर्कसाठी ही कसोटी नेमकी आहे. बाकीच्या बहुतेकांसाठी फार जवळची, पण शंभर टक्के हमी नाही. इलेक्ट्रिकलच्या मुलांना हे डीसी लोड फ्लोसारखं वाटेल, आणि ते तेच आहे.

दुवा वाढवला की सुधारेलच असंही समजू नका. विटहाउट आणि टिमे यांनी २०१२ मध्ये दाखवलं की नवी लाइन टाकल्याने चालू असलेलं सिंक तुटूही शकतं.

कुठे थांबायचं

दोन दोलकांची चाचणी जुळते, स्टेप अर्धी केली तरी उत्तर तेच, नेटवर्क एकसंध, वरची कसोटी म्हणते बांधलं जायला हवं, आणि तरी वेगवेगळ्या सीडवर फ्रिक्वेन्सी सुटलेल्याच दिसतात. इथे स्वतः उकरणं बंद करा. पिळाच्या अवस्था, कायमेरा (काही नोड बांधलेले, काही मोकळे अशी मिश्र अवस्था), किंवा कसोटीच्या अपवादांपैकी काहीतरी असू शकतं आणि ते ओळखायला गतिकीय प्रणालींवर काम करणारा माणूस लागतो. तुमच्या विभागात नसेल तर गणित विभागात विचारा.

खऱ्या ग्रिडच्या घटनेचं स्पष्टीकरण द्यायचं असेल तर त्याच्याही आधी थांबा. साध्या कुरामोतोत जडत्व नाही, व्होल्टेज नाही, टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर नाही, संरक्षण रिले नाहीत. पॉवर सिस्टिम शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मॉडेल दाखवल्याशिवाय “म्हणून ग्रिड कोसळलं” असं एक वाक्यही लिहू नका.

आणि प्रोजेक्टच्या उत्साहात दोन जनरेटर किंवा इन्व्हर्टर खरोखर समांतर जोडायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. फेज जुळलेली नसताना ब्रेकर बंद केला तर शाफ्टला बसणारा झटका मशीन मोडतो आणि माणसालाही. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं, सिंक्रोस्कोप आणि सिंक-चेक रिले घेऊन. टेबलावर पाच व्होल्टवर चालणारे टायमर सर्किटचे दोलक जोडा, त्यात सगळं दिसतं.

मदत मागताना “आर चढत नाही” एवढंच पाठवू नका. नोडसंख्या, सरासरी आणि सर्वात मोठी डिग्री, कपलिंगला कशाने भागलं, फ्रिक्वेन्सीचं वितरण, स्टेप, एकूण काळ, सीड, आणि दोन दोलकांच्या चाचणीत आलेला आकडा. त्या शेवटच्या आकड्याशिवाय आलेल्या मेलला मी फक्त तो आकडा विचारून परत पाठवतो.